चाँद दिसतो, सुरय्या दिसत नाही

यंदा मृगाची वाट पाहावीच लागली नाही. रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच, २५ मेच्या सुमारास, पाऊस कोकणात उतरला. केळशीहून बहिणीचा फोन आला तो हेच सांगायला. लाकडे आत घ्यायची राहिली, सुकी मासळी अजून अंगणातच, आणि रोहिणीतच हा आला!

आमच्याकडे हिंदू असो की मुसलमान, शेती करणारा माणूस पावसाची भाषा नक्षत्रांतच बोलतो. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, पाच वक्ताचे नमाजी. हिजरी महिने त्यांना तोंडपाठ. पण पेरा धरायचा तो रोहिणीवर आणि मृगावर. कारण साधे आहे. हिजरी साल दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यावर रोजे धरता येतात, भात पेरता येत नाही. हे दादांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यात त्यांना काही विसंगतही वाटले नाही.

मात्र दादांनी किंवा मी कधी रोहिणी डोळ्यांनी पाहिली होती का? पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्य त्या वेळी ज्या नक्षत्रात असतो ते. म्हणजे नेमके त्याच दिवसांत ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात बुडालेले असते. नाव आपल्या तोंडी येते तेव्हा ते आकाशात दिसत नाही, आणि हिवाळ्यात ते लखलखीत दिसते तेव्हा त्याचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

हे सगळे आठवायचे कारण यंदाची रमजान ईद. ३० मार्चच्या संध्याकाळी केळशीच्या वाळूवर निम्मी मोहल्ला जमली होती. आमचा किनारा पश्चिमेला तोंड करून. चाँद पाहायला याहून चांगली जागा कुठली? सुरूच्या बनापुढे उभे राहायचे आणि सूर्य बुडाला की क्षितिजावर नजर लावायची. चाँद दिसला. मुबारकबाद झाली, मोबाइलवर फोटो काढून झाले आणि पाच मिनिटांत वाळू रिकामी. शिरखुर्म्याची तयारी, बाजार, मेहंदी. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. मागे राहिलो मी आणि माझी भाची. तिची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. चाँदाच्या बऱ्याच वर एक धूसर पुंजका तिला दिसला. तिने विचारले, "मामू, हे तारे इतके चिकटून कसे? बाकीचे तर सगळे विखुरलेत."

मी मुंबईत पंचवीस वर्षे भूगोल शिकवतो. मास्तराच्या ठसक्यात सांगून टाकले, "चिकटून नाहीत गं. आपल्याला तसे दिसतात. खरे तर एक जवळ, एक लांब."

इतर तारकासमूहांसाठी हे उत्तर बरोबर आहे. या पुंजक्यासाठी साफ चूक. तो पुंजका म्हणजे कृत्तिका. अरबीत त्याला सुरय्या म्हणतात. आमच्या घराण्यात तीन सुरय्या होऊन गेल्या, एक फुफी अजून हयात आहे, आणि तिघींपैकी एकीनेही आपले नाव आकाशात पाहिल्याचे मला आठवत नाही. आखातात बोटीवर नोकरी केलेल्या आमच्या माणसांना 'थुराया' नावाचा उपग्रह फोन माहीत असतो. तोही हाच शब्द. इतका तो आपल्या घरातला, आणि इतका अनोळखी.

दुसऱ्या दिवशी ईद झाली. त्याच्या पुढच्या दिवशी, १ एप्रिलला, मी मुंबईच्या गाडीत असताना भाचीचा मेसेज आला: मामू, तुम्ही सांगितलेले चूक आहे, ते तारे खरेच एकत्र आहेत, आज चाँद त्यांच्या अगदी जवळ गेलाय, खिडकीतून बघा. खिडकीतून पाहिले. सुरय्यापासून दोन-तीन बोटांवर कोर. तेव्हापासून दोन महिने सवडीने मी हेच वाचतो आहे. जे समजले ते आधी सांगतो, भांडण नंतर.

कृत्तिकांचे तारे एकत्र आहेत हे दुर्बिणीच्याही आधी गणिताने पकडले म्हणायला हरकत नाही. जॉन मिशेल नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १७६७ साली हिशोब मांडला: आकाशात तारे कसेही विखुरले असते, तर इतके ठळक तारे इतक्या छोट्या जागेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? पाच लाखांत एक. मग हा योगायोग नव्हे, हे एक कुटुंब आहे, असे त्याने म्हटले. आज आपल्याला माहीत आहे की डोळ्यांना सहा-सातच दिसत असले तरी या कुटुंबात हजाराहून अधिक तारे आहेत, अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे, वय दहा-बारा कोटी वर्षे. म्हणजे आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा दिल्ली-आग्र्याकडे अकबराचे राज्य होते. आणि हे तारे जन्मले तेव्हा पृथ्वीवर डायनासोर फिरत होते.

तारा एकटा जन्मत नाही, निदान बहुतेक तारे तरी नाही. अवकाशात वायूचे प्रचंड ढग आहेत. बहुतेक सगळा हायड्रोजन, त्यात चिमूटभर धूळ. तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. ढग म्हटले तरी इतके विरळ, की आपल्या प्रयोगशाळेतली निर्वात पोकळीही त्यांच्यापुढे दाट ठरावी. पण पसारा शेकडो प्रकाशवर्षांचा, त्यामुळे एकूण वस्तुमान लाखभर सूर्यांइतके भरू शकते. अशा ढगात कुठे कुठे गाठी होतात. गाठीचे स्वतःचे गुरुत्व तिला आत ओढते, आतली ऊब आणि खळबळ बाहेर ढकलते. गार ढगात ऊब कमी, म्हणून गुरुत्व जिंकते. गाठ आकसता आकसता तिचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा आणखी आकसतो, आणि एका ढगातून शेकडो, कधी हजारो तारे जवळपास एकाच वेळी निपजतात. आकसताना ती गाठ गरगर फिरू लागते, तिच्याभोवती वायू-धुळीची चकती तयार होते. पुढे ग्रह घडतात ते या चकतीतून. गाभा तापत तापत कोटभर अंशांवर गेला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. मग ताऱ्याचे आकसणे थांबते. आपल्या सूर्याएवढ्या ताऱ्याला इथवर यायला काही कोटी वर्षे लागतात.

हे अजून चालू असलेले पाहायचे तर कृत्तिकांवरून नजर मृगाकडे न्यावी. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना ओळखता येतात. त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला 'तारा' नीट पाहिला तर धुरकट दिसतो. साधी द्विनेत्री असली तर फारच छान. तो तारा नाही, तेजोमेघ आहे. सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर, म्हणजे हिजरी सनाच्या पहिल्या शतकात निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो. त्याच्या आत दोनेक हजार तारे आहेत, सगळे जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे. ताऱ्यांच्या हिशोबाने बाळंतिणीच्या खोलीतच अजून. मध्यभागी चार ठळक ताऱ्यांची चौकट. त्यातला सर्वांत मोठा सूर्याच्या तीस-चाळीस पट वस्तुमानाचा. सगळा मेघ उजळतो तो मुख्यत्वे त्याच्या अतिनील किरणांनी. पण हाच दादा शेजारच्या लहान ताऱ्यांभोवतीच्या चकत्या भाजून उडवतो आहे. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्या चकत्या शेपूट फुटलेल्या थेंबांसारख्या दिसतात. ज्यांच्यातून उद्या ग्रह घडायचे, त्यांतल्या काही तिथेच संपणार.

मोठे तारे एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचे किरण आणि वारे उरलेला वायूही हाकलून देतात. वायू गेला की त्याचे गुरुत्वही गेले, आणि ज्या दोरीने सगळे बांधलेले होते तीच सैल पडते. म्हणून बहुतेक पुंजके काही लाख ते कोटभर वर्षांत विस्कटतात. दहांपैकी जेमतेम एखादा टिकतो असा अंदाज आहे. कृत्तिका त्या टिकलेल्यांपैकी. फोटोंत त्यांच्याभोवती निळसर धुके दिसते, आणि ते त्यांच्या जन्माच्या ढगाचे अवशेष आहेत असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. तसे नाही. जन्माचा ढग केव्हाच गेला. हे तारे सध्या वाटेत आलेल्या भलत्याच ढगातून चालले आहेत.

आणि रोहिणी? तो लालसर ठळक तारा इंग्रजीत ज्या नावाने ओळखला जातो ते अरबी 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा. सुरय्याच्या मागे मागे उगवतो म्हणून. त्याच्याभोवती व्ही आकारात जे तारे दिसतात तोही एक पुंजका, दीडशे प्रकाशवर्षांवरचा, साठ-पासष्ट कोटी वर्षांचा, प्रौढ. गंमत म्हणजे खुद्द रोहिणीचा तारा त्या कुटुंबातला नाहीच. तो वाटेत उभा आहे, सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर. त्याचा आजचा प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. म्हणजे मी भाचीला दिलेले चुकीचे उत्तर इथे बरोबर ठरले असते. पुंजक्यातल्या मोठ्या ताऱ्यांची इंधने संपून ते विझत चाललेले श्वेतबटू झाले आहेत, काही लाल होऊन फुगले आहेत, आणि कडेचे तारे एकेक करून निसटत आहेत. निसटलेल्यांची लांबलचक रांग गाया या युरोपीय यानाच्या मोजणीत सापडली. ते यान याच ईदच्या चार दिवस आधी, २७ मार्चला, कायमचे बंद करण्यात आले.

कृत्तिका, रोहिणी, मृग. शेजारशेजारची तीन नावे, आमचे शेतकरी एका दमात घेतात ती. बालपण, तारुण्य आणि प्रौढपण तिथे एकाच वेळी मांडून ठेवलेले आहे. खगोलशास्त्रज्ञांना पुंजके इतके का आवडतात तेही यातून कळते. एका ताऱ्याचे आयुष्य पाहत बसायला माणसाकडे वेळ नाही. पण पुंजका म्हणजे शाळेतला एक वर्ग: सगळी मुले एकाच वयाची, एकाच मातीची, आपल्यापासून सारख्याच अंतरावर. फरक फक्त वजनाचा. मग वजनाने काय फरक पडतो ते सरळ दिसते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दहापट इंधन घेऊन येतो, पण ते जाळतो हजारो पटींनी. सूर्य सुमारे हजार कोटी वर्षे जगेल, त्यातली ४६० कोटी झाली. हा मोठा दोन-तीन कोटींत आटोपतो. मृगाच्या खांद्यावरचा तांबडा काक्षी जेमतेम कोटभर वर्षांचा असून म्हातारा झाला आहे. याउलट सूर्याच्या आठ टक्क्यांहूनही कमी वस्तुमान मिळाले तर तारा पेटतच नाही, नुसता ऊब धरून राहतो. अशा न पेटलेल्या पिंडांपैकी पहिल्यावहिल्यांत गणला जाणारा एक, १९९५ साली, कुठे सापडला? कृत्तिकांत.

आता भांडण.

भाचीच्या मेसेजनंतर मी घरच्या ग्रुपवर उत्साहाने कृत्तिकांविषयी चार ओळी लिहिल्या. अर्ध्या तासात दोन चित्रफिती आल्या. ताऱ्यांचा जन्म विज्ञानाने आज शोधला, आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, असा दोन्हींचा सूर. शाळेच्या ग्रुपवर हेच टाकले तर एका सहकाऱ्याने वेदांत हे सगळे आहे असे कळवले. दोघेही भले लोक आहेत. दोघांनीही त्या रात्री गच्चीवर जाऊन वर पाहिले नाही.

मला या दाव्यांचा राग धर्मामुळे येत नाही, उलट धर्माची त्यात होणारी हेळसांड पाहून येतो. आकाश पाहा, विचार करा, असे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ते पाहणाऱ्याला उद्देशून आहे, फॉरवर्ड करणाऱ्याला नव्हे. आणि विज्ञानाचे निष्कर्ष बदलतात. आज ज्या सिद्धान्तावर आपण श्रद्धेची मोहर उमटवू तो उद्या सुधारला गेला तर काय सुधारणार आहोत?

आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगायचाच तर अब्दुर्रहमान अस्-सूफीचा बाळगावा. इ.स. ९६४ च्या सुमाराचा त्याचा ताऱ्यांवरचा ग्रंथ. त्याने जुन्या ग्रीक यादीवर विश्वास ठेवून नक्कल केली नाही. टॉलेमीने दिलेली ताऱ्यांची तेजस्विता स्वतः पाहून तपासली, जिथे चूक वाटली तिथे चूक म्हटले. देवयानीतला धूसर 'छोटा ढग' त्याने नोंदवला. आज आपण त्याला दीर्घिका म्हणतो. आता गंमत पाहा. याच बारीक नजरेच्या माणसाने मृगाचा तारा न् तारा लिहिला, पण मृगातला तो तेजोमेघ त्याच्या ग्रंथात नाही. टॉलेमीकडेही नाही. त्याची पहिली नोंद १६१० मधली, फ्रान्समधल्या पेरेस्क याची, दुर्बिणीतून. म्हणजे ताऱ्यांचा जन्म जिथे उघड्या डोळ्यांसमोर चालू होता, ती जागा आपल्या सर्वांत मोठ्या निरीक्षकाच्याही यादीत नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. त्याने जे पाहिले ते लिहिले, जे लिहिले नाही ते त्याच्या नावावर खपवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ज्योतिषाचेही हेच. डॉ. जयंत नारळीकर २० मेला गेले. कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला नाव केलेला हा माणूस परत आला, पुण्यात आयुका उभी केली, आणि आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला. त्यांनी डॉ. दाभोलकर आणि इतरांबरोबर पत्रिकांची एक सरळ चाचणी घेतली होती: हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ जणांची उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी जवळपास तेच. आमच्यातले काही लोक हे वाचून खूश होतात, कारण पत्रिका 'त्यांची'. तावीज आणि फालनामे यांची अशी चाचणी घ्यायला कोण पुढे येईल, ते मी विचारले तेव्हा ग्रुप शांत होता.

ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास लांब कुठे गोऱ्यांच्या देशातच चालतो असेही नाही. जन्मत्या ताऱ्याभोवतीची धूळ साधा प्रकाश अडवते, त्यातून अवरक्त प्रकाश पार होतो. पण दूरच्या अवरक्त प्रकाशाला आपले वातावरण अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण मोठ्या फुग्याला बांधून हैदराबादहून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली, आणि असले ढग मोजले. त्याच संस्थेत बनलेली अवरक्त उपकरणे आज लडाखमध्ये हानले इथे आणि नैनितालजवळ देवस्थळ इथल्या दुर्बिणींवर बसवलेली आहेत. जुन्नरच्या बाजूला खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रेडिओ लहरी ऐकतात. मोठे तारे भोवतालचा वायू कसा तापवतात ते त्यांतून कळते. नारायणगावला द्राक्षे घ्यायला थांबणाऱ्या किती जणांनी त्या पाहिल्या असतील?

आणि तरीही ईदच्या दुपारी, जेवणे झाल्यावर, भाचीने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचे म्हटले तेव्हा मी काय केले? दुलाभाई म्हणाले, त्यासाठी मुंबईला किंवा रत्नागिरीला हॉस्टेलवर ठेवावे लागेल, त्यापेक्षा डी.फार्म. करू दे, दुकान टाकता येईल. सगळे माझ्याकडे पाहू लागले, घरातला शिकलेला म्हणून. मी म्हटले, "फिजिक्सला आता नोकऱ्या कुठे आहेत?" एवढेच. विषय संपला. डी.फार्म. वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आमच्या गावाला औषधांचे चांगले दुकान हवेच आहे. पण ज्या मुलीने आदल्या संध्याकाळी माझ्याहून चांगला प्रश्न विचारला होता, तिचा प्रश्न मी दुसऱ्यांदा चुकीच्या उत्तराने बंद केला. पहिली चूक तिने स्वतः दुरुस्त केली. ही दुरुस्त करणे तिच्या हातात नाही.

आपल्या कोकणी मुसलमानांत मुले बाहेर पाठवायला कोणी घाबरत नाही. मुंबई, आखात, केप टाउन, कुठे नाहीत आपली माणसे? सतराव्या-अठराव्या वर्षी मुलगा एकटा बोटीवर चढतो आणि आपण स्टँडवर फातिहा पढून त्याला निरोप देतो. मुलगी रत्नागिरीच्या हॉस्टेलवर म्हटले की मात्र सगळ्यांना अचानक जमाना खराब दिसू लागतो. मलाही दिसला, हे कबूल करतो. विखुरणाऱ्या पुंजक्यांची उपमा इथे फार मोहात पाडते, पण ती मी ताणणार नाही. तारे गुरुत्वामुळे जातात. आपण ठरवून पाठवतो आणि ठरवून रोखतो.

आणखी एक. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी उंच खांबांवरचे प्रखर दिवे आता गावोगाव लागत आहेत. उजेडाला माझा विरोध नाही, पण तो खाली पडावा, वर आणि समुद्रावर सांडू नये, एवढे सांगायला पैसे पडत नाहीत. मुंबईतल्या मुलांना कृत्तिका मोजता येत नाहीत. केळशीतल्या मुलांना अजून येतात.

परवा जिल्हजचा चाँद झाला. बकरी ईद ७ जूनला, आणि त्याच सुमारास मृग लागेल. मी आदल्या रात्री निघतो आहे. आकाश भरलेले असेल, काही दिसणार नाही, आणि दुलाभाईंची समजूत पटेलच असेही नाही. ते माझ्याच मार्चमधल्या वाक्याने मला गप्प करतील. बारावीचा निकाल चांगला लागला आहे. बहिणीला मात्र आज फोनवर सांगून ठेवले, फॉर्मवर सही करायची ती मी आल्यावर करा.